शिंग, वेणी आणि पाचवी पायरी

डेन्व्हरच्या टांकसाळीत १९२६ साली पाडलेले पाच सेंटचे नाणे समोर आले की मुरलेला संग्राहकही भिंग पुढे ओढतो. नाण्याच्या एका बाजूला अमेरिकेच्या मूळ रहिवाशाचा करारी चेहरा, दुसऱ्या बाजूला बायसन. असे एखादे नाणे कधी कुणाच्या गल्ल्यात गेलेले नसते, टांकसाळीतली झळाळी त्याच्या अंगावर तशीच असते. तरीही बायसनचे शिंग अर्धवट, खांद्यावरचे केस सपाट आणि माणसाच्या वेणीची गाठ पुसट दिसते. नुसत्या नक्षीवरून प्रत ठरवायची तर ते बरेच झिजलेले ठरेल. प्रत्यक्षात ते एकदाही वापरलेले नसते. अमेरिकन निकेलची, म्हणजे पाच सेंटच्या नाण्याची, पारख करणारे लोक गेली कित्येक दशके याच प्रश्नाशी झगडत आले आहेत: हातांनी काय झिजवले आणि टांकसाळीने मुळात काय दिलेच नाही?

या अडचणीचे मूळ धातूत आहे. यादवी युद्धाच्या काळात अमेरिकेत लोकांनी चांदीची नाणी दडवून ठेवली आणि सुट्ट्या पैशांसाठी कागदी नोटा चालू लागल्या. त्यांच्या जागी १८६६ मध्ये तांबे ७५ टक्के आणि निकेल २५ टक्के अशा मिश्रधातूचे पाच ग्रॅम वजनाचे नाणे आले. पेनसिल्व्हेनियात निकेलची खाण असलेल्या जोसेफ व्हॉर्टन यांनी या धातूसाठी जोर लावला होता, आणि नाणे टिकाऊ होईल हे खरेच होते. पण जो धातू सहज झिजत नाही, तो सहज दबतही नाही. पोलादी ठसे तडकू लागले. पहिल्या नाण्याच्या मागच्या बाजूला आकड्याभोवती तारे आणि ताऱ्यांमधून निघालेले किरण होते. नक्षीची ही गर्दी ठशांना झेपेना, म्हणून १८६७ च्या सुरुवातीलाच किरण काढून टाकावे लागले. पुढे तांबे-निकेलची नाणी हिंदुस्थानातही आली. मुंबईच्या टांकसाळीत १९०७ पासून पडलेला नागमोडी कडेचा एक आणा आणि त्यानंतरची चौकोनी चवली जुन्या पिढीच्या हातांना ओळखीची होती.

१९१३ मध्ये याच हट्टी धातूवर शिल्पकार जेम्स अर्ल फ्रेझर यांनी खऱ्या अर्थाने शिल्प उतरवले. नाण्याच्या कडेपर्यंत भिडणारा चेहरा, जाड वेणी, डोके खाली घातलेला दांडगा बायसन. अमेरिकेच्या नाण्यांत इतके देखणे काम क्वचितच झाले असेल. मात्र पैसे टाकून चालणारी यंत्रे बनवणाऱ्या एका कंपनीने आक्षेप घेतल्याने नाणे काही काळ अडकून पडले. ते चलनात आल्यावर दुसरीच उणीव दिसली. ‘फाइव्ह सेंट्स’ ही अक्षरे बायसनच्या पायाखालच्या उंचवट्यावर होती आणि ती लगेच घासली जाणार हे उघड होते. टांकसाळीचे मुख्य नक्षीकार चार्ल्स बार्बर यांनी त्याच वर्षी उंचवटा काढून अक्षरे खोलगट जागेत नेली. सालाचे आकडे मात्र चेहऱ्याखाली उंचावरच राहिले. म्हणून आजही जुन्या डब्यांतून साल पूर्ण पुसले गेलेली ही बायसनची नाणी, म्हणजे ‘बफेलो निकेल्स’, ओंजळीने सापडतात.

१९२० च्या दशकात डेन्व्हर आणि सॅन फ्रान्सिस्को इथल्या टांकसाळींनी ठसे शेवटपर्यंत रेटून वापरले. दोन ठसे एकमेकांपासून केसभर लांब ठेवले की त्यांच्यावर ताण कमी येतो आणि ते जास्त दिवस टिकतात. पण मधल्या चकतीचा धातू ठशाच्या सर्वांत खोल कोपऱ्यात पोचत नाही. नाण्यावर जो भाग सर्वांत उंच, तोच ठशात सर्वांत खोल. त्यामुळे शिंग, वेणीची गाठ, खांद्यावरचे केस हेच भाग आधी कच्चे राहतात. १९२६ मध्ये डेन्व्हरने सुमारे ५६ लाख नाणी पाडली, तर सॅन फ्रान्सिस्कोने अवघी ९ लाख ७० हजार. संख्येचा विचार केला तर सॅन फ्रान्सिस्कोचे नाणे दुर्मीळ. पण डेन्व्हरचेही सगळी नक्षी नीट उमटलेले नाणे मिळवायला नेट लागतो.

झीज आणि कच्चा छाप यांतला फरक कळतो, पण त्यासाठी नाणे दिव्याखाली सावकाश फिरवावे लागते. धातू जिथे पोचलाच नाही तिथे कोऱ्या चकतीचा मूळ पृष्ठभाग तसाच उरतो. त्यावर छापण्याआधीच पडलेले बारीक ओरखडे आणि खडबडीतपणा दिसतो. हातांनी झिजलेली जागा मात्र गुळगुळीत होते, तिचा रंग करडा पडतो आणि नाणे फिरवताना तिथे झळाळीची रेघ तुटते. बफेलो निकेलवर गालाचे हाड आणि बायसनचे पुठ्ठे लवकर झिजतात. या दोन्ही जागी झळाळी अखंड असेल आणि तरीही शिंग नसेल, तर दोष टांकसाळीचा.

प्रत सांगणारी आकड्यांची भाषा पुढे आली. मानसशास्त्रज्ञ विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये जुन्या मोठ्या तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी मांडली. मूळ कल्पना किमतीची होती: ७० प्रतीचे नाणे १ प्रतीच्या नाण्याच्या सत्तरपट मोलाचे. १९५८ मध्ये मार्टिन ब्राउन आणि जॉन डन यांनी प्रत ठरवण्याचे मार्गदर्शक पुस्तक काढले. १९७० च्या दशकात अमेरिकन न्यूमिसमॅटिक असोसिएशनने शेल्डनचे आकडे सगळ्याच नाण्यांना लावले. १९८६ मध्ये प्रोफेशनल कॉइन ग्रेडिंग सर्व्हिस आणि पुढच्याच वर्षी न्यूमिसमॅटिक गॅरंटी कॉर्पोरेशन सुरू झाली. नाणे प्लॅस्टिकच्या पेटीत बंद होऊन त्यावर आकडा चिकटू लागला. व्यापाराला त्याने शिस्त आली यात शंका नाही. पण झीज, ओरखडे, झळाळी आणि छाप या चार वेगळ्या गोष्टी एकाच आकड्यात दाटीवाटीने बसवल्या गेल्या, आणि त्यात सर्वांत जास्त कोंडी छापाची झाली.

ती कोंडी फुटली जेफरसन निकेलवर. १९३८ मध्ये नव्या नाण्यासाठी खुली स्पर्धा झाली, ३९० नमुने आले आणि जर्मनीत जन्मलेल्या फेलिक्स श्लाग यांनी हजार डॉलरचे बक्षीस जिंकले. मागच्या बाजूला त्यांनी माजी राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांचे माँटिचेलो हे घर कोपऱ्यातून दिसेल असे काढले होते. सरकारने ते समोरून काढायला लावले. समोरून घर आले तशा दाराच्या पायऱ्याही आल्या, आणि संग्राहकांना मोजायला काहीतरी मिळाले. बारीक आडव्या रेघांच्या या पायऱ्या बहुतेक नाण्यांवर, विशेषतः तिसऱ्या खांबाखाली, एकमेकींत विरघळून जातात. किमान पाच पायऱ्या सलग दिसल्या तर आकड्याशेजारी ‘फुल स्टेप्स’ असा वेगळा शेरा मिळतो. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये १९५३ साली १ कोटी ९२ लाख निकेल्स पाडली गेली. साधे, न वापरलेले असे नाणे सहज परवडते. पूर्ण पायऱ्यांचे हाती लागणे मात्र जवळजवळ अशक्य, आणि लागलेच तर त्याची किंमत साध्या नाण्याच्या कित्येक पटींनी जाते.

या शेऱ्याची एक बाजू पारखी माणसाला खटकायला हवी. पायऱ्या मुळात कच्च्या उमटल्या असोत किंवा पोत्यात दुसरे नाणे आदळून त्यांवर खोल चीर पडली असो, रेघ तुटली की शेरा नाकारला जातो. चीर पडलेल्या नाण्यावर टांकसाळीने आपले काम चोख केलेले असते, ते पेटीवरच्या कागदावर कुठेच दिसत नाही; पेटीतले नाणे भिंगाखाली धरले तरच दिसते.