एफ फॉर्म आणि मुका साक्षीदार

पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही आयटी कंपनीत अमेरिकन हॉस्पिटलचं किंवा इन्शुरन्सचं प्रोजेक्ट मिळालं, की पहिल्याच आठवड्यात एक ट्रेनिंग बोकांडी बसतं. हिपा! पेशंटचं नाव ईमेलमध्ये लिहू नका, टेस्टिंगसाठी खरा डेटा वापरू नका, स्क्रीन लॉक केल्याशिवाय चहाला उठू नका, वगैरे वगैरे. शेवटी वीस प्रश्नांची परीक्षा. सगळे पास होतात आणि विसरतात :-)

हिपा हा 1996 सालचा अमेरिकन कायदा. मुळात तो नोकरी बदलली तरी आरोग्य विमा सुटू नये म्हणून आला. कागद जाऊन कॉम्प्युटर येणार, मग पेशंटच्या माहितीचं काय, हा प्रश्न त्याच्या पोटातून निघाला आणि गोपनीयतेचे नियम एप्रिल 2003 पासून बंधनकारक झाले. त्या नियमांचं सार एका वाक्यात सांगायचं तर, पेशंटची माहिती ज्याला जेवढी लागते तेवढीच त्याला दाखवा.

आता गंमत बघा. त्याच 1996 सालच्या 1 जानेवारीला भारतातही आरोग्याच्या माहितीशी संबंधित एक कायदा लागू झाला. त्यातही फॉर्म आहेत, रजिस्टर आहेत, कोणता कागद किती वर्षं जपायचा याचे नियम आहेत. फक्त दिशा उलटी. हिपा म्हणतो, पेशंटची नोंद झाकून ठेवा. आपला कायदा म्हणतो, नोंद नीट भरा आणि सरकारला दाखवा. झाकणं आणि दाखवणं या दोन गोष्टी एकदा कोर्टात समोरासमोर आल्या, आणि तो वाद सुरू झाला आपल्या कोल्हापुरातून. तांबडा-पांढरा रस्सा, कुस्ती आणि चपला यांच्यापलीकडे कोल्हापूरची ही एक ओळख आहे, आणि ती आपल्या पिढीच्या फारशी लक्षात नाही.

आकडा : 839

2001 च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे 839 मुली निघाल्या. राज्याचा आकडा होता 913. म्हणजे गरीब, मागास म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवायची आपल्याला सवय आहे, त्या जिल्ह्यांपेक्षा ऊस, दूध आणि सहकाराचा हा सधन जिल्हा कितीतरी मागे. अंबाबाईचं गाव, ताराराणीची गादी, शाहू महाराजांचा वारसा हे सगळं खरं, आणि 839 हेही खरं.

यात पैशाचा संबंध सरळ आहे. सोनोग्राफी मशीन तिथेच पोचतं जिथे फी द्यायची ऐपत असते. शिवाय जमीन वाटली जाऊ नये म्हणून मुलं कमी हवीत, आणि त्यातला एक तरी मुलगा हवाच, ही गणितं ज्यांच्याकडे जमीन आहे तेच मांडतात.

कायदा नव्हता असंही नाही. गर्भलिंग निदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानेच 1988 साली केला. मुंबईतल्या स्त्री संघटना आणि आरोग्य कार्यकर्त्यांनी त्यासाठी जोर लावला होता. केंद्राचा कायदा 1994 चा, लागू 1996 पासून. पण अंमलबजावणीच्या नावाने शंख. शेवटी सेहत आणि मासूम या महाराष्ट्रातल्या दोन संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज 2000 साली सुप्रीम कोर्टात गेले. कोर्टाने सरकारांना फैलावर घेतलं, आणि 2003 च्या दुरुस्तीने कायदा कडक झाला. तोच आजचा पीसीपीएनडीटी.

एफ फॉर्म

या कायद्याचा आत्मा म्हणजे एक फॉर्म. फॉर्म एफ. गरोदर बाईची सोनोग्राफी केली की तो भरायचाच. त्यात तिचं नाव, वय, पत्ता, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, आधीची मुलं किती आणि त्यात मुलगे किती, मुली किती, कोणी पाठवलं, कशासाठी तपासणी केली, काय आढळलं, हे सगळं येतं. शिवाय बाईचं प्रतिज्ञापत्र, की मला गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही. आणि डॉक्टरचं, की मी ते सांगितलं नाही.

कायदा करणाऱ्यांची अडचण समजून घ्या. हा गुन्हा बंद खोलीत होतो. सांगणारा आणि ऐकणारा दोघेही खूश, तक्रार करणार कोण? म्हणून कायद्याने कागदालाच साक्षीदार केलं. फॉर्म अपुरा किंवा चुकीचा असेल तर तोच गुन्हा समजायचा, आणि तसं नाही हे डॉक्टरने सिद्ध करायचं.

डॉक्टर मंडळी यावर आजही चिडून आहेत. एका रिकाम्या रकान्यासाठी मशीन सील, कोर्टाच्या खेपा, लायसन्सवर गदा! 1 सप्टेंबर 2016 ला देशभरातल्या रेडिऑलॉजिस्टनी याच मुद्द्यावर संप केला. 2019 साली प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने मात्र ठाम सांगितलं, की हा फॉर्म म्हणजे निव्वळ कारकुनी नव्हे, कायद्याचा डोलाराच त्यावर उभा आहे.

आणि प्रत्यक्षात होत काय होतं? हे फॉर्म दर महिन्याच्या 5 तारखेपर्यंत सरकारी कार्यालयात जमा व्हायचे. गठ्ठेच्या गठ्ठे. ते वाचणार कोण, आणि कधी?

कलेक्टर आणि त्यांचा डबा

लक्ष्मीकांत देशमुख हे नाव साहित्यवाल्यांना माहीत असेल. 2018 च्या बडोदा साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष. 2010 च्या आसपास ते कोल्हापूरचे जिल्हाधिकारी होते, आणि त्यांनी हा प्रश्न मनावर घेतला. 'सेव्ह द बेबी गर्ल' मोहीम सुरू झाली. त्यात दोन तांत्रिक गोष्टी होत्या.

पहिली, ऑनलाइन एफ फॉर्म. महिन्याचा गठ्ठा बंद, तपासणी झाली की 24 तासांत वेबसाइटवर भरायचा. आता डेटाबेसला प्रश्न विचारता येतात. अमुक सेंटरवर महिन्यात किती तपासण्या झाल्या? पहिल्या दोन मुली असलेल्या बायका एकाच डॉक्टरकडे का जातात? कागदाच्या गठ्ठ्याला हे विचारून बघा!

दुसरी गोष्ट म्हणजे सायलेंट ऑब्झर्व्हर. सोनोग्राफी मशीनला जोडायचा एक डबा. मशीनच्या स्क्रीनवर जे दिसतं ते तो साठवून ठेवतो. विमानातल्या ब्लॅक बॉक्ससारखा. तपासणी झाली पण फॉर्म भरलाच नाही, अशी लबाडी डबा उघडला की सापडते. आपल्या भाषेत सांगायचं तर ऑडिट लॉग, आणि तोही ज्याचं ऑडिट करायचं त्याच्या हाताबाहेरचा.

डॉक्टरांची संघटना मुंबई हायकोर्टात गेली. कायद्यात नसलेला डबा कलेक्टर आमच्या मशीनला कसा लावू शकतात? आणि आमच्या पेशंटच्या खाजगीपणाचं काय? 26 ऑगस्ट 2011 ला निकाल लागला आणि कलेक्टर जिंकले.

त्या निकालातला खाजगीपणाचा भाग आपल्या धंद्यातल्या प्रत्येकाने वाचण्यासारखा आहे. कोर्टाने डब्याची रचना लक्षात घेतली. चित्रं कुठल्या सर्व्हरवर जात नाहीत, ती मशीनपाशीच राहतात. गरज पडली तरच, प्रशासनाने मागितल्यावर आणि डॉक्टरच्या समक्ष डबा उघडायचा. असं असेल तर खाजगीपणा आणि मुली वाचवण्याचं सार्वजनिक हित यांचा तोल साधला जातो, असं कोर्टाला वाटलं.

म्हणजे एका घटनात्मक प्रश्नाचं उत्तर आर्किटेक्चर डायग्राममध्ये सापडलं! डेटा लोकल ठेवायचा की सर्व्हरवर पाठवायचा, हा निर्णय आपण स्टोरेजचा खर्च आणि नेटवर्कचा स्पीड बघून घेतो. इथे त्याच निर्णयावर खटल्याचा हा मुद्दा तरला. उद्या कोणी सोयीसाठी हा डेटा क्लाऊडवर नेला, तर कोर्टाने ज्या आधारावर हो म्हटलं तो आधारच निघून जातो.

त्या खोलीत कोण नाही?

निकालाची ती अट पुन्हा वाचा. डबा डॉक्टरच्या समक्ष उघडायचा. एका बाजूला प्रशासन, दुसऱ्या बाजूला डॉक्टर. आणि जिच्या पोटाची ती चित्रं आहेत ती बाई? ती कुठेच नाही. तिला विचारायचं नाही, कळवायचंही नाही. हायकोर्टात तिच्या खाजगीपणाची बाजूसुद्धा डॉक्टरांच्या संघटनेने मांडली, आणि संघटनेचा स्वतःचा हितसंबंध तर उघडच होता.

याच्या उलट उदाहरण आपल्याच देशात, त्याच हॉस्पिटलात, शेजारच्या कपाटात आहे. कायदेशीर गर्भपाताचे नियम म्हणतात, की बाईचं संमतीपत्र आणि डॉक्टरचं मत पाकिटात घालून सील करा, त्यावर 'गोपनीय' लिहा, आणि इतर कागदांवर तिच्या नावाऐवजी फक्त अनुक्रमांक टाका. 1971 च्या त्या कायद्यात 2021 साली दुरुस्ती झाली आणि नाव फोडणाऱ्या डॉक्टरला शिक्षेची तरतूद आली. एका कपाटात तिचं नाव सीलबंद, आणि दुसऱ्या कपाटात तिचं नाव, पत्ता, मुलींची संख्या 24 तासांत अपलोड. बाई तीच.

म्हणून दोन मुलींची आई तिसऱ्यांदा गरोदर राहिली, की डेटाबेसच्या नजरेत ती आधी संशयित असते आणि मग पेशंट. तिचं ब्लडप्रेशर वाढलंय म्हणून सोनोग्राफी सांगितली असेल, तरीही. बरं, कायद्याचं गृहीतक असं, की तपासणीला तिला नवऱ्याने किंवा सासरच्यांनी भाग पाडलं असणार. म्हणजे कायद्याच्या लेखी ती पीडित, पण क्वेरीच्या लेखी 'फ्लॅग'.

म्हणून कलेक्टर चुकले का? मला तसं वाटत नाही. समोर 839 असताना गठ्ठे मोजत बसणं हीसुद्धा नैतिक निवडच झाली असती. पण 24 ऑगस्ट 2017 ला, म्हणजे त्या निकालाला सहा वर्षं पुरी व्हायला दोन दिवस असताना, सुप्रीम कोर्टाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्यानंतर असा डबा लावायचा तर तीन प्रश्न विचारावे लागतात. कायद्याचा आधार आहे का? हेतू रास्त आहे का? आणि घातलेला घाव हेतूच्या प्रमाणात आहे का? पहिले दोन कोल्हापूर निभावून नेईल. तिसऱ्याचं उत्तर द्यायला मात्र एक गोष्ट आधी माहीत हवी. डब्याने काम केलं का?

डब्याला काय दिसत नाही

2011 च्या जनगणनेत कोल्हापूरचा आकडा 863 झाला. त्याच दशकात राज्य 913 वरून 894 वर घसरलं, बीड तर 894 वरून 807 वर कोसळलं. राज्य घसरत असताना कोल्हापूर 24 अंकांनी वर! पेढे वाटायला हरकत नाही.

पण थांबा. ही जनगणना 2011 च्या सुरुवातीची. शून्य ते सहा वयाची मुलं म्हणजे 2004-05 पासून जन्मलेली. डबे बसले 2010 च्या आसपास. म्हणजे मोजलेल्या मुलांपैकी बहुतेक डब्याच्या आधीच जन्मली होती. सुधारणेत कायद्याच्या वाढत्या धाकाचा, कार्यकर्त्यांचा, मोहिमेतल्या जनजागृतीचा वाटा किती आणि डब्याचा किती, हे या आकड्यावरून वेगळं काढता येत नाही. आणि 2021 ची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे पुढचा तुलनेजोगा आकडाही लांबला.

शिवाय डब्याची मूळ मर्यादा आहेच. तो स्क्रीन बघतो. गुन्हा स्क्रीनवर होत नाही, तो होतो जिभेवर. एक सूचक शब्द, एक हसू, एक खूण. गर्भाचं चित्र कायदेशीर तपासणीतही दिसतं तसंच दिसतं. साताऱ्याच्या वर्षा देशपांडे यांनी गरोदर बायकांना बनावट ग्राहक म्हणून पाठवून डॉक्टर पकडून दिले, ते यासाठीच. बोललेला शब्द पकडायला माणूसच लागतो.

ऑनलाइन फॉर्मचंही तसंच. लाल चांदणीचा रकाना भरल्याशिवाय सबमिट होत नाही. कागदावर घाईत रिकामी राहिलेली जागा निदान संशय तरी द्यायची. व्हॅलिडेशन ती जागाच शिल्लक ठेवत नाही. डेटा स्वच्छ झाला म्हणजे तो खरा झाला असं नाही, हे आपल्याहून कोणाला जास्त ठाऊक?

आणि जे मशीन नोंदलेलंच नाही त्याला डबा कोण लावणार? मार्च 2017 मध्ये शेजारच्या सांगली जिल्ह्यात, म्हैसाळला, गर्भपातात एका विवाहितेचा जीव गेल्यावर पोलिसांना पुरलेले 19 भ्रूण सापडले. तपासाचे धागे हद्द ओलांडून कर्नाटकात गेले. कोल्हापूरच्या डेटाबेसला राज्याच्या सीमेपलीकडचं काय दिसणार?

आता पुन्हा अमेरिका

जून 2022 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला आणि अनेक राज्यांत गर्भपात गुन्हा झाला. रातोरात तिथल्या लोकांच्या लक्षात आलं, की आपली नोंद आता पुरावा आहे. कारण कायद्याने, कोर्टाच्या आदेशाने मागितली तर माहिती देण्याची वाट हिपामध्ये पहिल्यापासून होतीच. 2024 साली सरकारने अशा नोंदींना जादा संरक्षण देणारा नियम केला. जून 2025 मध्ये टेक्सासच्या एका फेडरल कोर्टाने तो रद्द केला.

हेतू बघितले तर दोन्हीकडे उत्तर-दक्षिण. कोल्हापुरात मुलींचा जन्म वाचवायचा होता, तिकडे गर्भपातच बंद करायचा आहे. पण टेबलाची रचना सारखीच. बाईचं नाव, गरोदरपणाची तारीख, तपासणीची तारीख. ही टेबलं बनवणाऱ्याच्या हेतूला बांधील नसतात, ज्याच्या हातात ॲक्सेस आहे त्याच्या हेतूला असतात. आज देशमुखांसारखा संवेदनशील माणूस असेल, उद्या कोण असेल ते स्कीमामध्ये लिहिलेलं नसतं.

आपल्याकडे आता आरोग्याच्या नोंदी डिजिटल होतायत, 2023 साली डेटा संरक्षणाचा कायदाही झाला. आपल्यापैकी कितीतरी जण ही सॉफ्टवेअर लिहितात, लिहिणार आहेत. कोल्हापूरच्या डब्याने दोन चांगल्या गोष्टी शिकवल्या. डेटा जिथे जन्मला तिथेच ठेवा, आणि तो उघडायचा तर साक्षीदारासमोर उघडा. तिसरी गोष्ट राहून गेली. डबा उघडताना जिचा डेटा आहे तिला निदान एक पत्र, एक एसएमएस जायला हवा होता. कोडच्या हिशेबाने ते एका दुपारचं काम आहे.