खुरप्याखालची भाजी

परभणीजवळच्या झरीसारख्या काळ्या जमिनीच्या गांवीं आषाढ-श्रावणांत खुरपणीच्या बायका तण काढतां काढतां तरोटा, कुंजीर, पाथरी, घोळ ओटींत वेगळी ठेवीत. 1876-78 च्या दुष्काळांत दख्खनेंत अशाच पाल्यावर माणसांनीं दिवस काढले. दुष्काळांत खाल्ल्या जाणाऱ्या वनस्पतींची नोंद डॉ. लिस्बोआ यांनीं 1886 मध्यें मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत केली. नोंद मोलाची खरी. पण परभणी 1948 पर्यंत निजामाच्या राज्यांत, म्हणून इकडचें ज्ञान बायकांच्या तोंडींच राहिलें. 1972 च्या दुष्काळांत तें पुन्हां कामीं आलें. तरोटा किती वाढला म्हणजे कडू होतो, हें सून सासूच्या शेजारच्या पातीला बसूनच शिके. पुढें सोयाबीन आलें, पाठोपाठ तणनाशक. आतां एका फवारणींत तणही जळतें, भाजीही, आणि खुरपणीला कोणी बसत नाहीं.