ओकोंक्वोसाठी एक परिच्छेद

चिनुआ अचेबे यांनी फेब्रुवारी १९७५मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जोसेफ कॉनरॅडच्या ‘हार्ट ऑफ डार्कनेस’वर एक व्याख्यान दिलं. कॉनरॅडला त्यांनी त्यात वंशवादी ठरवलं आणि त्यावरून इंग्रजी विभागांमध्ये जो वाद पेटला, तो अजून पुरता विझलेला नाही. त्या व्याख्यानाच्या सुरुवातीची एक छोटी गोष्ट मात्र फारशी कुणाच्या लक्षात राहत नाही. न्यूयॉर्कजवळच्या याँकर्स गावातल्या हायस्कूलच्या मुलांची दोन पत्रं अचेबेंना आली होती. शिक्षकांनी या मुलांना वर्गात ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ वाचायला दिली होती. एका मुलाने मोठ्या आनंदाने कळवलं होतं की, या पुस्तकामुळे एका आफ्रिकी जमातीच्या चालीरीती आणि अंधश्रद्धा समजल्या. यावर अचेबेंचा शेरा साधारण असा होता: याँकर्समधल्या आपल्या स्वतःच्या जमातीतही विचित्र चालीरीती भरपूर आहेत, याचा या मुलाला पत्ता नसावा.

मुलगा कृतघ्न नव्हता, त्याचे शिक्षकही वाईट नव्हते. त्या काळी अमेरिकी वर्गात नायजेरियन कादंबरी आणायची, तर आधी शिक्षकालाच उत्साह लागायचा. तरीही कादंबरीतल्या माणसांपेक्षा ‘चालीरीती’च मुलाच्या हाती लागल्या. असं का होतं? उत्तर शोधायचं तर या कादंबरीचा शाळेशी असलेला संबंध मुळापासून पाहायला हवा. कारण ती जन्मली वर्गात, वाढली वर्गांच्या जोरावर आणि आजही तिचा मोठा वाचकवर्ग शाळा-कॉलेजांतच आहे.

अचेबेंचा जन्म १९३०चा, आग्नेय नायजेरियातल्या ओगिडी गावचा. वडील चर्च मिशनरी सोसायटीचे धर्मप्रचारक. वडिलांच्या आजोळची मंडळी मात्र जुन्या धर्मातच राहिलेली. वडिलांना लहानपणी सांभाळणाऱ्या त्यांच्या आजोबांची एक गोष्ट अचेबे सांगत. गावात पहिल्यांदा मिशनरी आले, तेव्हा आजोबांनी त्यांना आपल्या आवारात जागा दिली. काही दिवसांनी त्यांची भजनं ऐकून ती काढूनही घेतली. ही गाणी फार रडकी आहेत, शेजाऱ्यांना वाटेल माझीच अंत्ययात्रा निघाली, असं त्यांचं म्हणणं. घरातच दोन्ही बाजू अशा नांदत होत्या.

१९४४मध्ये अचेबे उमुआहियाच्या सरकारी कॉलेजात, म्हणजे निवासी शाळेत, दाखल झाले. वेगवेगळ्या भाषांची मुलं एकत्र असल्याने शाळेत इंग्रजीच बोलायचा नियम होता. पहिली शिक्षा झाली ती दुसऱ्या एका मुलाकडे इग्बो भाषेत साबण मागितल्याबद्दल. पण याच शाळेत आठवड्यातल्या ठरावीक दिवशी संध्याकाळी पाठ्यपुस्तक हातात घ्यायला बंदी असे. मुलांनी खेळावं किंवा अवांतर वाचावं. अचेबेंनी वाचलं. रायडर हॅगार्ड, जॉन बकन यांच्या आफ्रिकेतल्या साहसकथा वाचताना आपण गोऱ्या नायकाच्या बाजूने आणि ‘रानटी’ लोकांच्या विरोधात असायचो, असं त्यांनी पुढे लिहिलं. ते रानटी लोक म्हणजे आपणच, हे कळायला वेळ लागला.

कळलं ते बरंचसं इबादानला. तिथलं युनिव्हर्सिटी कॉलेज १९४८मध्ये सुरू झालं, लंडन विद्यापीठाशी जोडलेलं, तिथल्याच धर्तीच्या अभ्यासक्रमाचं. मराठी वाचकाला हे ओळखीचं वाटेल. मुंबई विद्यापीठ १८५७मध्ये लंडन विद्यापीठाच्याच नमुन्यावर उभं राहिलं होतं. इंग्रजी साहित्य हा शिकवण्याचा विषय म्हणून इंग्लंडच्या आधी वसाहतीत, हिंदुस्थानात, घडत गेला, हे गौरी विश्वनाथन यांनी दाखवून दिलं आहे. राज्यकर्त्यांच्या साहित्यातून राज्यकर्त्यांची नैतिक थोरवी प्रजेच्या मनावर बिंबवायची, हा त्यामागचा एक हेतू. इबादान त्याच साखळीतली पुढची कडी.

तिथे अभ्यासाला जॉयस कॅरीची ‘मिस्टर जॉन्सन’ ही कादंबरी होती. कॅरीने नायजेरियात वसाहती प्रशासनात नोकरी केली होती. कादंबरीचा नायक जॉन्सन हा नायजेरियन कारकून: भाबडा, उधळ्या, साहेबावर जीव टाकणारा. शेवटी साहेब रडबेक त्याला स्वतःच्या हाताने गोळी घालतो आणि तेही जॉन्सनच्या विनंतीवरून, जणू मेहेरबानी म्हणून. लंडन-न्यूयॉर्कच्या समीक्षकांना कादंबरी फार आवडली होती. इबादानच्या वर्गात मात्र एक विद्यार्थी उठून प्राध्यापकांना म्हणाला की, या पुस्तकात त्याला आवडलेली जागा एकच, रडबेक जॉन्सनला गोळी घालतो ती. प्राध्यापक इंग्रज होते, त्यांना धक्का बसला. ज्यांच्याविषयी पुस्तक लिहिलं, तीच मुलं समोर बसून ते वाचत होती आणि त्यातला एकही माणूस त्यांना ओळखीचा वाटत नव्हता. आपली गोष्ट आपणच सांगायला हवी, हा विचार अचेबेंच्या मनात पक्का व्हायला हा वर्ग कारणीभूत ठरला.

पदवीनंतर त्यांनी ओबा गावच्या एका शाळेत काही महिने इंग्रजी शिकवलं, मग लागोसला नभोवाणीत नोकरी धरली. ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ लंडनच्या हाइनमनने १९५८च्या जूनमध्ये काढली, पहिल्या छपाईच्या प्रती होत्या दोन हजार. पुढे ती पन्नासहून अधिक भाषांत गेली आणि एक कोटीच्या वर प्रती खपल्या. याचं श्रेय लेखणीचं आहे, तसंच शालेय पुस्तकांच्या बाजाराचंही. हाइनमनच्या शैक्षणिक विभागाचे ॲलन हिल यांनी ओळखलं की, आफ्रिकेत नवे देश स्वतंत्र होत आहेत, शाळा वाढत आहेत आणि इंग्रज प्रकाशक तिथे इंग्लंडमध्ये लिहिलेली पुस्तकंच विकत आहेत. १९६२मध्ये ‘आफ्रिकन रायटर्स सिरीज’ निघाली. स्वस्त, कागदी बांधणीची, नारिंगी रंगाने ओळखू येणारी. पहिल्या क्रमांकाचं पुस्तक हीच कादंबरी. अचेबे दहा वर्षं या मालेचे संपादकीय सल्लागार होते, तेही बिनपगारी. फ्लोरा न्वापा यांनी आपलं हस्तलिखित त्यांच्याकडे पाठवलं, ते त्यांनी हाइनमनकडे धाडलं आणि १९६६मध्ये ‘एफुरू’ याच मालेत आली. पश्चिम आफ्रिकेच्या परीक्षा मंडळाने आफ्रिकी पुस्तकं अभ्यासक्रमाला लावायला सुरुवात केल्यावर ही माला घराघरांत पोचली.

तिथल्या मुलांना या पुस्तकाची गरज का होती? १९६५च्या ‘द नॉव्हेलिस्ट ॲज टीचर’ या निबंधात अचेबेंनी एक प्रसंग दिला आहे. त्यांची पत्नी मुलांच्या शाळेत इंग्रजी शिकवत असे. एका मुलाने निबंधात ‘विंटर’ असं लिहिलं. नायजेरियात हिवाळा कुठला? त्या दिवसांत सहाराकडून हरमॅटन हा कोरडा, धुळीचा वारा येतो. तू हरमॅटन का लिहिलं नाहीस, असं बाईंनी विचारलं, तर तो म्हणाला, मुलं मला जंगली म्हणतील. आपल्या हवेची लाज वाटावी इतका धडा शाळेने शिकवला होता. आपला भूतकाळ म्हणजे युरोपियनांनी येऊन संपवलेली रानटीपणाची काळरात्र नव्हती, एवढं जरी माझ्या कादंबऱ्यांनी वाचकांना शिकवलं तरी मी समाधानी असेन, असं अचेबे त्याच निबंधात म्हणतात.

म्हणजे एकच पुस्तक दोन वर्गांत दोन वेगळी कामं करतं. नायजेरियातल्या मुलाला ते आपल्या आजोबांची ओळख करून देतं. याँकर्सच्या मुलासाठी ते परक्यांकडे उघडणारी खिडकी असतं. खिडकीतून पाहणाऱ्याला आधी वेगळेपण दिसतं: चार दिवसांचा आठवडा, कोला फळ फोडून पाहुण्याचं स्वागत, मुखवटे घालून न्यायनिवाडा करणारे पूर्वज, यामचा सण. (याम म्हणजे आपल्याकडच्या कोनफळाच्या कुळातला कंद.) शिक्षकालाही तेच शिकवणं सोपं जातं. शब्दसूची देता येते, मुखवटे रंगवून घेता येतात. वर्ग रमतो. पण परीक्षेत ‘इग्बो संस्कृतीची वैशिष्ट्यं सांगा’ असा प्रश्न आला की ओकोंक्वो वैशिष्ट्यांचं एक उदाहरण होऊन बसतो.

खरं तर कादंबरीची बांधणीच याच्या उलट दिशेने नेणारी आहे. पंचवीसपैकी पहिली तेरा प्रकरणं उमुओफिया गावातच घडतात. गोऱ्या माणसाचा तिथे उल्लेख असला तरी तो ओझरता. या तेरा प्रकरणांत गाव एकमताचं नाही. शांतिसप्ताहात ओकोंक्वो बायकोला मारतो, त्याला दंड होतो. तेव्हा गावातला सर्वांत म्हातारा एझेऊदू सांगतो की, पूर्वी असं करणाऱ्याला मरेपर्यंत फरफटत नेत, पण ज्या शांततेसाठी ही शिक्षा होती तीच तिने भंग पावते, म्हणून ती प्रथा बंद झाली. मिशनरी येण्याच्या कितीतरी आधी हा समाज आपले नियम तपासून बदलत होता, हे एका संवादात कळून जातं. ओबिएरिका हा ओकोंक्वोचा जवळचा मित्र. त्याला जुळी मुलं झाली होती आणि रीतीप्रमाणे ती रानात टाकून द्यावी लागली. त्या मुलांनी काय गुन्हा केला होता, हा प्रश्न त्याला सोडत नाही. प्रश्न विचारण्यासाठी त्याला गाव सोडावं लागत नाही आणि उत्तरही सापडत नाही.

शिकवताना अवघड जागा इथेच येतात. इकेमेफुनाची हत्या, जुळ्यांचा त्याग, ओसू म्हणून बहिष्कृत केलेली देवाला वाहिलेली माणसं. एक मोह असा की ‘त्यांची संस्कृती वेगळी’ म्हणून पुढे जावं. दुसरा, यावरून मिशनरींचं येणं योग्य ठरवावं. अचेबे दोन्ही वाटा बंद करतात. न्वोये चर्चकडे जातो तो जुळ्यांच्या रडण्याच्या आणि इकेमेफुनाच्या आठवणीमुळे. ओसू जातात कारण तिथे त्यांना माणसात बसता येतं. ही कारणं खरी आहेत, लेखक ती लपवत नाही. मराठी वाचकाला तर ती समजावून सांगायचीही गरज नाही. ओसू आणि आपल्याकडची अस्पृश्यता या दोन प्रथा एकच नव्हेत, पण ज्या धर्माने दाराबाहेर ठेवलं तो सोडण्यामागचं गणित ओळखीचं आहे. पूर्व नायजेरियात १९५६मध्ये कायदा करून ओसू प्रथा रद्द करावी लागली, म्हणजे चर्च येऊन अर्धं शतक लोटलं तरी ती गेली नव्हती.

चर्चच्या मागोमाग राज्य येतं आणि संस्कृतीचे तक्ते करणाऱ्या वर्गात नेमकं हेच निसटतं. कादंबरीत अबामे गावात सायकलवरून आलेल्या गोऱ्याला लोक मारतात, पुढे बाजाराच्या दिवशी सैनिक वेढा घालून गाव नष्ट करतात. हे कल्पित नाही. १९०५मध्ये अहियारा इथे डॉक्टर स्टुअर्ट हा सायकलवरून वाट चुकलेला इंग्रज मारला गेला आणि इंग्रज फौजेने त्या मुलखाला शिक्षा दिली. बहुतेक इग्बो गावांना राजा नव्हता, निर्णय सभेत होत. इंग्रजांना कारभारासाठी कुणीतरी मुखिया हवा होता, म्हणून त्यांनी सनदा देऊन मुखिये नेमले. त्यांच्या जुलमाचा आणि कराच्या भीतीचा स्फोट १९२९मध्ये इग्बो आणि शेजारच्या समाजांतल्या स्त्रियांच्या उठावात झाला. गोळीबारात पन्नासाहून अधिक स्त्रिया मारल्या गेल्या. हा इतिहास सोबत ठेवला की ओकोंक्वोचा राग नुसता हट्टी माणसाचा राग राहत नाही. तो हट्टी आहे, बायका-मुलांना धाक घालणारा आहे आणि त्याच्या डोळ्यांदेखत गावाचा निर्णयाचा हक्क जातो आहे. हे सगळं एकाच वेळी खरं आहे.

आणखी एक सावधगिरी. उमुओफिया म्हणजे नायजेरिया नव्हे. नायजेरिया हा देश इंग्रजांनी १९१४मध्ये एकत्र बांधला, त्यात अडीचशेहून अधिक भाषक समाज आहेत आणि इग्बो त्यांपैकी एक. १९६७ ते १९७०च्या बियाफ्रा युद्धात हेच इग्बो त्या देशापासून वेगळे व्हायला निघाले होते. चिमामांडा न्गोझी अदिची २००९च्या एका भाषणात सांगतात: त्या अमेरिकेत शिकायला गेल्या तेव्हा खोलीतल्या मैत्रिणीने त्यांच्या ‘जमातीचं संगीत’ ऐकायला मागितलं आणि त्यांनी मराया कॅरीची कॅसेट काढली. एकच गोष्ट ऐकली की असं होतं. वर्षभरात एकच आफ्रिकी पुस्तक वाचणाऱ्या वर्गात हे ओझं अचेबेंच्या कादंबरीवर पडतं. त्यात कादंबरीचा दोष नाही, पण ‘एफुरू’ किंवा बुची एमेचेटांची ‘द जॉईज ऑफ मदरहुड’ तिच्या शेजारी ठेवली, तर ओकोंक्वोच्या घरातल्या बायकांनाही बोलायला जागा मिळते.

शिक्षकाला याहून वेगळं काही सुचत नसेल तर त्याने कादंबरीच्या शेवटच्या पानावर जास्त वेळ द्यावा. ओकोंक्वोने गळफास घेतला आहे. आत्महत्या हे भूदेवीविरुद्धचं पाप, म्हणून गावकरी त्याच्या देहाला हात लावू शकत नाहीत. ओबिएरिका संतापाने इंग्रज अधिकाऱ्याला सांगतो की, हा उमुओफियातल्या थोर माणसांपैकी एक होता. अधिकारी मात्र आपल्या नियोजित पुस्तकाचा विचार करत परततो. नायजरकाठच्या आदिम जमातींना कसं शांत केलं, याविषयी ते असणार आहे. या माणसावर एखादं प्रकरण लिहिता येईल. प्रकरण नको, एक बरासा परिच्छेद पुरे.

आपण चोवीस प्रकरणं ज्याच्यासोबत घालवली, त्याचा परिच्छेद होताना पाहणं, हा वाचकाला बसणारा खरा धक्का आहे. अचेबेंना असे लेखक दुरून माहीत नव्हते. इग्बो लोकांवर जाडजूड ग्रंथ लिहिणारे मिशनरी जी. टी. बॅस्डेन यांनीच त्यांच्या आई-वडिलांचं लग्न लावलं होतं. ते भले गृहस्थ होते, त्यांचं निरीक्षणही बारीक होतं. तरीही त्यांच्या पुस्तकात इग्बो लोक वर्णनाचा विषय होते. उद्या कुठल्याही वर्गात, लागोसच्या किंवा लातूरच्या, मुलांना ओकोंक्वोवर दहा ओळींची टीप लिहायला सांगितली, तर आधी हा एक प्रश्न विचारायला हरकत नाही: या दहा ओळी ओबिएरिकाला वाचून दाखवता येतील का?