पावसात गाडी रस्त्यावर 'तरंगते' म्हणजे काय? निघण्याआधी टायरची ही १० मिनिटांची तपासणी नक्की करा

बाहेर धो धो पाऊस, रस्ता मोकळा आणि गाडी ८०-९० च्या वेगात. पुढे रस्त्यावर थोडं पाणी साचलेलं दिसतं. "एवढ्याशा पाण्याने काय होतंय!" असं म्हणत आपण गाडी तशीच पुढे नेतो आणि अचानक स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. वळवलं तरी गाडी वळत नाही, ब्रेक दाबला तरी वेग कमी होत नाही. हे सगळं दोन-तीन सेकंदांचंच असतं, पण तेवढ्यात गाडी डिव्हायडरवर जाऊ शकते.

या प्रकाराला 'हायड्रोप्लेनिंग' म्हणतात. बरेच जण अशा वेळी ब्रेकला दोष देतात. खरी गोष्ट घडलेली असते ती टायरच्या खाली.

नेमकं होतं काय?

गाडी हजार-बाराशे किलोची असली, तरी प्रत्येक टायरचा रस्त्याला टेकलेला भाग साधारण आपल्या तळहाताएवढाच असतो. म्हणजे घरची सगळी माणसं आणि सामान घेऊन निघालेली गाडी चार तळहातांएवढ्या जागेवर धावत असते. ब्रेक, एबीएस, स्टिअरिंग या सगळ्यांचं काम तेवढ्याच जागेतून होतं.

टायरवरची नक्षी शोभेसाठी नसते. रस्त्यावरचं पाणी खाचांमधून बाजूला सारायचं आणि रबर रस्त्याला टेकवायचं, हे तिचं काम. रस्त्यावर फक्त २ मिमी पाणी आहे, टायर १८ सेमी रुंद आहे आणि वेग ताशी ८० किमी आहे असं समजा. अशा वेळी पुढच्या एका टायरला सेकंदाला सुमारे ८ लिटर पाणी बाजूला सारावं लागतं. नक्षी झिजलेली असेल तर पाण्याला जायला वाटच उरत नाही. मग टायर पाण्याच्या थरावर चढतो आणि रस्त्याशी त्याचा संबंध तुटतो.

यात हवेचाही मोठा वाटा आहे. 'नासा'ने विमानांच्या चाकांवर प्रयोग करून १९६३ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यातल्या सूत्रानुसार टायरमध्ये ३२ पीएसआय हवा असेल तर तो ताशी सुमारे ९४ किमीला तरंगू लागतो. हवा २४ पीएसआयवर आली तर तेच सुमारे ८२ किमीला होतं. मोटारीच्या टायरला हे आकडे तंतोतंत लागू होत नाहीत आणि टायर गुळगुळीत असेल तर त्याहून कमी वेगातही गाडी तरंगू शकते. पण हवा कमी म्हणजे धोका लवकर, हे मात्र पक्कं.

निघण्याआधी काय तपासाल?

१. नक्षीची खोली: केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिमी आणि दुचाकी-तीनचाकीची किमान ०.८ मिमी खोल असावी लागते. खाचांमध्ये नीट पाहिलं तर तळाशी रबराचे छोटे उंचवटे दिसतात. टायरच्या बाजूला 'टीडब्ल्यूआय' अशी इंग्रजी अक्षरं किंवा छोटा त्रिकोण असतो, त्याच्या रेषेत ते सापडतात. नक्षी झिजून या उंचवट्यांना टेकली की टायर संपला. पण ही कायद्याची शेवटची मर्यादा आहे. नव्या टायरची नक्षी ७-८ मिमी असते. पावसाळ्यात ती ३ मिमीवर आली की टायर बदलणंच शहाणपणाचं.

२. हवा: गाडी चालून टायर तापला की दाब वाढलेला दिसतो. म्हणून हवा टायर थंड असताना, म्हणजे सकाळी निघतानाच तपासा. किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. टायरवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरायची नसते. गणपतीला गावी जाताना गाडीत पाच माणसं आणि डिकी भरून सामान असेल, तर स्टिकरवरचा भरलेल्या गाडीचा आकडा बघा. स्टेपनी विसरू नका.

३. वय: टायरवरच्या कोडमधले शेवटचे चार आकडे म्हणजे तो कधी बनला ते. '२३२१' असेल तर २०२१ सालचा २३ वा आठवडा. गाडी कमी चालली तरी रबर जुनं होऊन कडक पडतं आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडतं. पाच-सहा वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराला दाखवा.

४. झीज आणि जखमा: दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहते आहे. मधलाच भाग झिजला तर हवा जास्त आहे. एकच बाजू झिजली असेल तर अलाइनमेंट करून घ्या. बाजूला फुगवटा आला असेल तर तो टायर लगेच बदला.

५. दोनच नवे टायर घेताय? ते मागे बसवा. पुढची चाकं घसरली तर वेग कमी करून गाडी सावरता येते. मागची घसरली की गाडी गर्रकन फिरते आणि सावरणं फार कठीण जातं.

रस्त्यावर काय लक्षात ठेवाल?

ताशी ६० किमी वेगात कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला साधारण ३५-४० मीटर लागतात. ओल्या रस्त्यावर तेच अंतर ५० मीटरच्या वर जातं. म्हणून पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोचली की मोजायला लागा. तुम्ही तिथे पोचेपर्यंत चार सेकंद झाले पाहिजेत.

पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल आणि धूळ मिसळून निसरडा थर तयार होतो. तेव्हा सुरुवातीचा अर्धा तास जास्त जपा. दुचाकीवर असाल तर झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे, गटाराची लोखंडी झाकणं आणि पुलांवरचे लोखंडी जोड यांवर ब्रेक मारू नका, गाडी तिरकीही करू नका. पावसात क्रूझ कंट्रोल बंद ठेवा.

गाडी तरंगलीच तर?

अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय हळूच काढा. स्टिअरिंग सरळ, घट्ट धरून ठेवा. जोरात ब्रेक मारू नका, कारण टायर रस्त्याला टेकलेलेच नसतील तर एबीएसही काही करू शकत नाही. वेग उतरला की टायर पुन्हा रस्ता पकडतात. त्या क्षणी चाकं वळलेली असतील तर गाडी झटक्यात तिकडे जाते, म्हणून स्टिअरिंग सरळ हवं.

हे सगळं तपासायला दहा मिनिटं लागतात. हवेची सोय तर बहुतेक पेट्रोल पंपावर असते. तुमच्या घरातलं किंवा ओळखीचं कोणी या पावसाळ्यात घाटातून प्रवास करणार असेल, तर ही माहिती त्यांना निघण्याआधीच पाठवा.