मालमत्तेतील पहिली गुंतवणूक : विसार देण्यापूर्वीचे प्रश्न

नवी दिल्ली : घर वा भूखंड घेताना नवा गुंतवणूकदार बहुधा ‘भाव किती वाढेल’ हाच प्रश्न आधी विचारतो. त्याचे खात्रीचे उत्तर कोणाकडेच नसते. मासिक भार, मालकी हक्क, कर आणि विक्रीची सोय यांविषयीची उत्तरे मात्र व्यवहारापूर्वी मिळवता येतात. आयुष्यभराची बचत एकाच ठिकाणी गुंतत असल्याने ती मिळवणे अगत्याचे ठरते.

भाड्यातून हप्ता फिटतो का?

सहसा नाही. ८० लाखांच्या सदनिकेसाठी ६० लाखांचे कर्ज साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे ५२ हजार रुपये होतो. भाडे २० हजार मिळाले, तर उरलेले ३२ हजार दरमहा पदरचे भरावे लागतात. हे भाडे वर्षाकाठी किमतीच्या तीन टक्के भरते. देखभाल शुल्क, मालमत्ता कर आणि घर रिकामे राहण्याचा काळ त्यातून वजा होतो. मुद्रांक व नोंदणी शुल्क साधारणतः कर्जात धरले जात नसल्याने त्याची तजवीज वेगळी करावी लागते.

बांधकाम सुरू असलेले घर घ्यावे की तयार?

बांधकामाधीन घरावर पाच टक्के, तर परवडणाऱ्या घरांच्या श्रेणीत एक टक्का वस्तू व सेवा कर लागतो. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकल्या जाणाऱ्या घरावर तो लागत नाही. बांधकामाधीन घरात ताबा लांबण्याची जोखीमही असते. २०१६ च्या स्थावर संपदा (विनियमन व विकास) कायद्यानुसार, म्हणजे ‘रेरा’नुसार, नोंदणीकृत करार केल्याविना विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. खरेदीदारांच्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवून त्याच प्रकल्पाच्या जमीन व बांधकाम खर्चासाठी वापरणे बंधनकारक आहे. ताबा लांबल्यास खरेदीदार सव्याज परतावा मागू शकतो किंवा व्यवहारात राहून विलंबाचे व्याज घेऊ शकतो. केंद्रीय कायद्यात ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पांना नोंदणीतून सूट आहे. त्यामुळे नोंदणी क्रमांक राज्य प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर स्वतः तपासणे इष्ट.

नोंदणी झाली म्हणजे मालकी पक्की का?

नाही. दस्ताची नोंदणी आवश्यक असली, तरी विक्रेत्याच्या हक्कातील दोष तिने दूर होत नाही. यासाठी वकिलाकडून साधारणतः मागील ३० वर्षांच्या हक्कांचा शोध घेतला जातो. महाराष्ट्रात सातबारा, फेरफार व सूची क्रमांक दोन, तर कर्नाटक व तमिळनाडूत बोजा प्रमाणपत्र पाहिले जाते. केवळ कुलमुखत्यारपत्राच्या आधारे झालेल्या विक्रीतून मालकी हस्तांतरित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीविना शेतजमीन घेता येत नाही. म्हणून ‘बिगरशेती होणार आहे’ या आश्वासनाऐवजी प्रत्यक्ष आदेश पाहावा.

कर किती?

व्यवहार ५० लाख किंवा त्याहून अधिक रकमेचा असल्यास खरेदीदाराने निवासी विक्रेत्याला देय रकमेतून एक टक्का कर कापून सरकारजमा करायचा असतो. २४ महिन्यांहून अधिक काळ बाळगलेली मालमत्ता विकल्यास दीर्घकालीन भांडवली नफ्यावर १२.५ टक्के दराने कर लागतो. महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून धरण्याची सवलत २३ जुलै २०२४ पासूनच्या खरेदीला नाही.

रक्कम कमी असल्यास?

शेअर बाजारात सूचिबद्ध स्थावर मालमत्ता गुंतवणूक न्यास, म्हणजेच ‘रीट’, हा पर्याय आहे. त्याचे एक युनिटही घेता येते. वाटपयोग्य रोख उत्पन्नापैकी किमान ९० टक्के गुंतवणूकदारांना देणे न्यासावर बंधनकारक आहे. युनिटचा भाव मात्र खाली-वर होतो.

युनिट बाजारात विकता येते. सदनिकेला ग्राहक मिळण्यास कित्येक महिने लागू शकतात. त्यामुळे उत्पन्न थांबल्यास किमान सहा महिन्यांचे हप्ते भरता येतील एवढी रक्कम हाताशी ठेवावी आणि वकिलाचा शोध अहवाल हाती आल्यावरच विसार द्यावा. ‘आजच बयाणा दिला नाही तर दर वाढेल’ असे सांगितले गेले, तरी हा क्रम बदलू नये.