बारगीर, शिलेदार आणि पोनी क्लब

इतिहासाच्या पेपरात दोन गुणांचा एक हमखास प्रश्न असायचा : बारगीर व शिलेदार यांतील फरक सांगा. ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळतो तो बारगीर. जो स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येतो तो शिलेदार. आपल्यापैकी बहुतेकांना हे उत्तर आजही झोपेत सांगता येईल. मला त्याचा अर्थ नीट कळला तो मात्र गेल्या वर्षी, मुलाकडे इंग्लंडला गेलो तेव्हा.

नऊ वर्षांच्या नातीने जेवताना जाहीर केलं, "आजोबा, मला पोनी क्लबात जायचंय." पोनी म्हणजे ठेंगण्या जातीचं घोडं, आपलं तट्टू. माझ्या तोंडावर उत्तर तयार होतं : "बाळा, ते आपल्यासारख्यांचं काम नव्हे." ते उत्तर कुठून आलं, हे आमच्या वर्गाला सांगायला नको. माथेरानची सहल आठवा. घोड्यावर बसण्याचे पैसे चौघांकडे होते. बाकीचे आम्ही लाल धुळीतून मागे चालत होतो. मी एका घोड्याच्या मानेवरून हात फिरवला आणि घरी येऊन "घोड्यावर बसलो" असं आईला सांगितलं. नातीला तसं खोटं बोलावं लागू नये, म्हणून आधी या क्लबाचा इतिहास वाचून काढला. तोच इथे मांडतो.

पोनी क्लब १९२९ साली ब्रिटनमध्ये स्थापन झाला. 'इन्स्टिट्यूट ऑफ द हॉर्स' या संस्थेची ती मुलांसाठीची शाखा होती. काळ मोठा चमत्कारिक होता. पहिलं महायुद्ध संपून दहा-अकरा वर्षं झाली होती. रस्त्यांवर मोटारी आल्या होत्या, शेतात ट्रॅक्टर शिरू लागले होते आणि घोडदळाच्या जागी चिलखती गाड्या येत होत्या. घोड्याची गरज संपत आली, तेव्हाच तो हाताळायची विद्या पुढच्या पिढीला पद्धतशीर शिकवण्याची निकड भासली. एकेकट्या मुलाला मिळणार नाही असं चांगलं शिक्षण सर्वांना मिळून द्यावं, हा हेतू होता.

हेतू चांगला, पण पाया शिलेदारीचा. स्थानिक शाखा आखल्या गेल्या त्या शिकारी मंडळांच्या हद्दींप्रमाणे. कित्येक शाखांची नावं आजही त्या मंडळांचीच आहेत. म्हणजे ज्यांच्या घरी तबेला आणि चरायला कुरण, त्यांचीच मुलं प्रामुख्याने येणार हे उघड होतं.

एक दार मात्र पहिल्यापासून उघडं होतं. मुलं आणि मुली तिथे एकत्र शिकत. याचं मोल तारखा पाहिल्या की कळतं. ऑलिंपिकमधला ड्रेसाज हा घोडेस्वारीचा प्रकार स्त्रियांना खुला झाला १९५२ साली, हेलसिंकीत. पोलिओमुळे गुडघ्याखाली पाय निकामी झालेल्या डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी त्याच वर्षी पुरुषांच्या बरोबरीने उतरून रौप्यपदक मिळवलं. अडथळ्यांवरून उड्यांच्या स्पर्धेत स्त्रिया आल्या १९५६ साली, तर तीन दिवसांच्या इव्हेंटिंग स्पर्धेत १९६४ साली.

दुसरं दार किलकिलं झालं १९५७ साली. महागडं जनावर नसलेल्या मुलांनाही भाग घेता येईल असे सांघिक खेळ असावेत, ही सूचना प्रिन्स फिलिप यांनी कर्नल माइक अ‍ॅन्सेल यांच्याकडे केली. अ‍ॅन्सेल दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेले घोडदळाचे अधिकारी. 'हॉर्स ऑफ द इयर शो' त्यांच्या देखरेखीखाली चाले. त्यातून खांबांमधून नागमोडी दौड, निशाण उचलणं, पोत्याची शर्यत असे खेळ सुरू झाले. इथे तट्टाच्या वंशावळीपेक्षा त्याची चपळाई आणि स्वाराशी जमलेली गट्टी कामाला येते. साधं, घरगुती तट्टूही जिंकू शकतं.

आणि तिसरं दार खास बारगिरांसाठी आहे. स्वतःचं तट्टू नसलेल्या मुलांना क्लबाशी जोडलेल्या रायडिंग स्कूलमधून सभासद होता येतं. घोडं तिथलंच वापरायचं. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटलं. ही तर पागाच! सभासदाने लिहून ठेवलं आहे की शिवाजी महाराजांच्या पागेत पंचवीस बारगिरांमागे एक हवालदार, एक पखालजी आणि एक नालबंद असे. ऐपत नसली तरी अंगात धमक असलेल्या पोराला तिथे घोडा मिळत होता.

खर्च अजूनही आहे, हे नाकारत नाही. धडे, शिरस्त्राण, बूट यांचा हिशेब मुलाने दोनदा केला. पण अर्ज भरला.

पहिल्या दिवशी नातीला वाटलं, आता खोगिरावर बसायचं. हातात आला झाडू. लीद काढणं, खरारा करणं, खुरांत अडकलेली माती नि खडे काढणं, पाणी दाखवणं हे आधी. रिकिबीत पाय नंतर. कडेला स्वतःची तट्टं घेऊन आलेल्या दोन मुली होत्या. त्यांच्याही हातात झाडूच होता. ते पाहून माझ्या मनातली माथेरानची धूळ जरा खाली बसली.

परतताना नातीने विचारलं, "आजोबा, आपलं पोनी कधी येणार?" मी तिला बारगीर शब्द शिकवला. तिने तो दोन-तीनदा घोळवला आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन सगळ्यांना सांगितलं, मी बारगीर आहे.

सर, दोन गुणांचं उत्तर यायला उशीर झाला आणि शब्दमर्यादाही ओलांडली. तरी तपासून घ्यावं, ही विनंती.