जीभ कालीची, गाणी रोलिंग स्टोन्सची

नाशिकला कॉलेज रोडवर तरुणांच्या टी-शर्टवर लाल ओठ आणि बाहेर काढलेली जीभ मी अनेकदा पाहतो. हे 'रोलिंग स्टोन्स' या इंग्लिश बँडचं बोधचिन्ह. त्याचं मूळ मात्र आपल्या ओळखीचं आहे.

१९७० साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकणाऱ्या जॉन पॅशला गायक मिक जॅगरनं कालीमातेचं छापील चित्र दाखवलं. पॅशनं देवीचे हात सोडले, मुंडमाळा सोडली. जीभ तेवढी घेतली. तिला जाड ओठांची जोड दिली. मोबदला ५० पौंड, पुढे आणखी २००. १९७१ च्या 'स्टिकी फिंगर्स' अल्बमबरोबर ती जीभ जगापुढे आली. २००८ साली मूळ चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयानं विकत घेतलं.

देवदेवतांची छापील चित्रं आपल्याकडे घरोघरी नेली ती राजा रविवर्मा यांच्या छापखान्यानं. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळकेही त्या कामात होते.

लोककथा सांगते, शिवावर पाय पडला तेव्हा कालीनं लाजून जीभ चावली. पॅशला तिच्यात दिसला तो बंडखोरपणा. लाजेचा झाला उद्धटपणा!

मला याचं नवल वाटत नाही. उर्दूत 'शिकस्त' म्हणजे पराभव. मराठीत आपण प्रयत्नांची शिकस्त करतो. घर सोडलं की शब्दाचा अर्थ बदलतो, चित्राचाही. आपण फक्त त्याचं माहेर लक्षात ठेवावं.